खेळाची पुढची वाट खेळाडूंनी ठरवावी का? ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मधील मतदानाविषयी चर्चेचा धागा (प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

तासाला पंधरा

इंदूरच्या राजवाड्याच्या मागच्या गल्लीतील एका सायबर कॅफेत, तासाला पंधरा रुपये मोजून, २००६ साली मी ‘रूनस्केप’ खेळू लागलो. तिथल्या संगणकांवर दुसरा कोणताही मोठा खेळ धड उघडत नसे. हा मात्र ब्राउझरमध्येच चालत असल्यामुळे आमच्यासारख्यांची सोय होई. जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गावर बंधूंनी २००१ साली सुरू केलेला आणि केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीने वाढवलेला हा खेळ म्हणजे एक विस्तीर्ण मुलूख आहे. त्यात लाकूडतोडीपासून जादूपर्यंतची प्रत्येक विद्या चिकाटीने ९९ व्या पातळीपर्यंत न्यायची असते, आणि ९२ वी पातळी गाठली म्हणजे निम्मी वाट संपली, असा तिथला विलक्षण हिशेब आहे.

डिसेंबर २००७ मध्ये कंपनीने ‘वाइल्डरनेस’ या रानमुलखात खेळाडूंनी एकमेकांवर करायचे हल्ले बंद केले आणि लगेच जानेवारीत खेळाडूंमधील मुक्त देवघेवही आवळली. कारण खरे होते: खेळातील सोने बाहेर खऱ्या पैशांत विकण्याचा धंदा चोरीच्या क्रेडिट कार्डांवर चालत होता आणि त्याचा भुर्दंड कंपनीला बसत होता. पण औषध रोग्यालाच बाधले. अखेर जानेवारी २०११ मध्ये सार्वमत घ्यावे लागले. बारा लाखांवर मते पडली आणि त्यांपैकी ९१ टक्के जुने नियम परत आणण्याच्या बाजूने होती. एवढे होऊनही नोव्हेंबर २०१२ मध्ये लढाईची सगळी पद्धतच बदलण्यात आली आणि जुने लोक खेळ सोडून जाऊ लागले. मग फेब्रुवारी २०१३ मध्ये पुन्हा मतदान झाले, आणि सुमारे साडेचार लाख मतांच्या जोरावर, ऑगस्ट २००७ च्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून ‘ओल्ड स्कूल’ वेगळा उभा राहिला. मूळ खेळही चालूच राहिला. आपल्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची आणि रात्री गराडू नि भुट्ट्याच्या किसाची दुकाने लागतात, तसे हे एकाच नावाचे दोन बाजार झाले.

या दुसऱ्या बाजाराचा कायदा असा होता की, नवी गोष्ट आणण्याआधी सभासदांचे मत घ्यायचे आणि ७५ टक्के होकार मिळाला तरच ती आणायची. २०२२ मध्ये ही मर्यादा ७० टक्क्यांवर आली. २०२३ मध्ये ‘सेलिंग’, म्हणजे नौकानयन, ही नवी विद्या सुमारे ७२ टक्के मतांनी संमत झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये खेळात दाखल झाली. हीच कल्पना २०१५ मध्ये ७५ टक्क्यांच्या अलीकडेच अडली होती. आधी उंबरठा खाली आला आणि मग त्यावरून जहाज आत आले, असे मला वाटते. खेळाडूंच्या मतदानाला अर्थ आहे तो अडवण्याच्या अधिकारामुळे. तो अधिकार पातळ झाला की उरते ती नुसती लोकप्रियतेची चाचणी. ७५ टक्क्यांचा नियम परत आणावा, हे माझे मत आहे. आपण सर्वांनी, विशेषतः न पटणाऱ्यांनी, लिहावे.

निर्जनवासी

धागाकर्त्यांनी इतिहास नेमका मांडला आहे, परंतु ज्या वाइल्डरनेससाठी ते हळहळतात, त्याचे या मतदानाच्या राज्यात काय झाले, ते सांगायचे राहून गेले. मी तिथलाच रहिवासी आहे. वाइल्डरनेसमध्ये कधी पाऊलही न टाकणारे सभासद बहुसंख्य आहेत आणि तिथली जी नवी योजना मतदानाला येते, तिच्यावर त्यांचे मत माझ्या मताइतकेच मोजले जाते. त्यांतील काहींना आमच्या हातून एखादे वेळी मार बसलेला असतो, म्हणून ते सूड म्हणून ‘नाही’ म्हणतात. बाकीच्यांना त्यात आपला काही लाभ दिसत नाही, म्हणून तेही ‘नाही’ म्हणतात. आपण ज्याला अडवण्याचा अधिकार म्हणता, तो आमच्या बाजूने पाहिला तर चौथ्या हिश्श्याने तीन हिश्शांवर चालवलेला हुकूम आहे.

आपल्याकडच्या नाटकांच्या सभासद योजनेचेच पाहा. वर्षातून कोणती नाटके आणायची हे ७५ टक्के सभासदांच्या होकारावर सोडले, तर दर वेळी नवरा-बायकोच्या भांडणाचे तेच विनोदी नाटक येईल आणि प्रायोगिक नाटक इंदूरच्या रंगमंचाचे तोंडही पाहणार नाही. निवड करणाऱ्याला थोडी मोकळीक द्यावी लागते, आणि ती चुकली तर त्याला जाब विचारावा लागतो. जाब विचारणे आणि आधीच हात बांधून ठेवणे यांत फरक आहे.

तासाला पंधरा

नाटकाचे उदाहरण मला पटत नाही, आणि त्याचे कारण या चर्चेच्या मुळाशी आहे. नाटक आवडले नाही तर दुसऱ्या दिवशी विसरता येते. अशा खेळात एकदा आलेली वस्तू परत जात नाही. समजा, नवी तलवार आली आणि ती जुनीपेक्षा थोडी सरस निघाली, तर जुनी मिळवण्यासाठी कुणी सहा महिने खपला असेल त्याचे श्रम त्या दिवशी स्वस्त झाले, आणि ती तलवार नंतर मागे घ्यायची म्हटली तर ज्यांनी ती कमावली त्यांच्यावर अन्याय होतो. कंपनीने चूक कबूल केली तरी ती दुरुस्त करण्याचा निर्मळ मार्ग उरत नाही. ज्या निर्णयाला मागे फिरणे नसते, त्याला साध्या बहुमताहून मोठा होकार मागणे हा हट्ट नव्हे.

शिवाय ७५ आणि ७० यांत पाचाचाच फरक आहे, असे समजू नये. ७५ टक्क्यांना एका नकारामागे तीन होकार लागतात. ७० टक्क्यांना सव्वादोनाहून थोडे अधिक पुरतात. ज्या खेळात ९२ म्हणजे ९९ चा अर्धा असतो, तिथल्या लोकांना हे समजावून सांगावे लागू नये. (हे थोडे बोचरे झाले, क्षमस्व.)

लोहमानव

मी मतदानाच्या बाजूचा आहे आणि तरीही धागाकर्त्यांशी सहमत नाही.

२०१५ मध्ये ‘ग्रँड एक्स्चेंज’, म्हणजे खेळातील मध्यवर्ती बाजारपेठ, मतदानातून आली तेव्हा ७५ टक्क्यांचाच नियम होता आणि ती काठावर पास झाली. मी विरोधात मत दिले होते, कारण त्याआधी वस्तू विकायची तर भर चौकात उभे राहून हाका घालाव्या लागत, घासाघीस करावी लागत असे, आणि त्यातून ओळखी होत. बाजारपेठ आल्यावर ते सगळे संपले. म्हणजे जुना कडक नियमसुद्धा जुन्या खेळाचे रक्षण करू शकला नाही. मला वाचवले ते दुसऱ्याच गोष्टीने. २०१४ मध्ये कंपनीने ‘आयर्नमॅन’ ही पद्धत आणली होती. ती स्वीकारणाऱ्याला दुसऱ्या खेळाडूंशी व्यापार करता येत नाही, जे हवे ते स्वतःच्या हाताने मिळवावे लागते. मी तिकडे गेलो आणि आजतागायत सुखात आहे. हरलेल्या मताला राहायला खोली मिळाली, की टक्केवारीची धार बोथट होते.

नौकानयन जुन्या नियमाने पडले असते, हे विधानही घाईचे आहे. मर्यादा ७५ असती तर कंपनीने प्रस्ताव आणखी घासूनपुसून मांडला असता आणि लोकांनीही वेगळ्या हिशेबाने मते दिली असती. २०१५ चा प्रस्ताव आणि २०२३ चा प्रस्ताव यांत नावापलीकडे फारसे साम्य नव्हते. या वेळी आधी नवी विद्या हवी का हे विचारले, मग तीन कल्पनांतून एक निवडायला सांगितली, मग आराखडा दाखवून पुन्हा मत घेतले, आणि त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ घडण आणि चाचण्या चालल्या. इतक्या वेळा विचारूनही त्याला मागच्या दाराने आलेले म्हणायचे, तर पुढचे दार कोणते, ते तरी दाखवावे.

विजयनगरचा प्रोग्रामर

मी खेळ थोडाच खेळलो आहे, तोही २०१८ मध्ये तो मोबाइलवर आल्यानंतर, ऑफिसच्या बसमध्ये. पण सॉफ्टवेअर बनवणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून एक गोष्ट नोंदवतो. लोक मतदानावर इतके भांडतात, पण योजना उघड करणे ही त्याआधीची पायरी आहे आणि गफलत बहुधा तिथेच होते. सप्टेंबर २०२१ मध्ये एका खेळाडूने सुमारे दोन वर्षे खपून ‘११७ एचडी’ नावाचे चित्रण सुधारणारे पूरक साधन तयार केले होते. ते प्रसिद्ध होण्याच्या तोंडावर कंपनीने त्याला थांबण्यास सांगितले, कारण कंपनी स्वतः तशाच कामात गुंतलेली होती. ही योजना खेळाडूंना आधी ठाऊक असती, तर त्या माणसाने आपला वेळ दुसरीकडे लावला असता. खेळाडूंनी खेळाच्या आतच जमून निषेध केला आणि थोड्याच दिवसांत कंपनीने माघार घेऊन ते साधन येऊ दिले. तिथे मतपेटीही नव्हती आणि टक्केवारीही नव्हती.

रामबागची हिशेबनीस

गेल्या पाच नोंदींत जे मतदानाला ठेवले जाते त्यावर सारे बोलले. जे ठेवलेच जात नाही त्यावर कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते.

तलवारीची धार किती असावी याला मत आहे. सभासदत्वाची वर्गणी किती असावी याला नाही. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने एका सर्वेक्षणात वर्गणीचे वेगवेगळे स्तर सुचवले, त्यांत स्वस्त स्तरावर जाहिराती दाखवण्याचीही कल्पना होती. लोक भडकले, अनेकांनी सभासदत्व रद्द केले, आणि कंपनीला माफी मागून ते बासनात गुंडाळावे लागले. लक्षात घ्या, पैसे देऊन खेळणाऱ्याला जाहिराती दाखवाव्यात असा विचार ज्या बैठकीत झाला, त्या बैठकीपर्यंत तुमचे ७५ टक्के पोचत नाहीत आणि ७० टक्केही पोचत नाहीत.

तो विचार येतो कुठून, हे पाहायचे तर मालकीची साखळी पाहा. २०१६ मध्ये एक चिनी कंपनी, २०२० मध्ये एक अमेरिकी गुंतवणूकदार, २०२१ मध्ये कार्लाइल ही गुंतवणूक संस्था आणि २०२४ मध्ये तशीच सीव्हीसी. ही सीव्हीसी म्हणजे आयपीएलमधील गुजरात टायटन्सचा संघ विकत घेणारीच. अशा संस्था गोष्ट विकत घेतात, तिचे उत्पन्न वाढवतात आणि काही वर्षांनी विकून मोकळ्या होतात. त्यात पाप नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण खेळाडूंना नौका हवी की नको यावर वर्षानुवर्षे भांडायला लावणारी व्यवस्था, बंदर कोणाच्या मालकीचे हा प्रश्न मनात येऊच देत नाही, अशी मला शंका आहे.

निर्जनवासी

हिशेबनीस ताईंचा मुद्दा खरा आहे, पण तो मतदानाच्या विरुद्ध जातो, बाजूने नव्हे. वर्गणी वाढवावी का, असे विचारले तर ७० टक्के लोक कधीतरी ‘हो’ म्हणतील का? आपल्या कॉलनीच्या गणेशोत्सवात वर्गणी मतदानाने ठरू लागली, तर मांडव पुढच्या वर्षी अर्धा आणि त्याच्या पुढच्या वर्षी नुसता बांबू राहील. सर्व्हर चालवायला आणि माणसे ठेवायला पैसा लागतोच. जे लोक आपल्या फायद्याचे असेल तिथेच होकार देतात, त्यांच्या हाती खेळाचा आराखडा का द्यावा, हा माझा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे, आणि धागाकर्त्यांनी अजून त्याचे उत्तर दिलेले नाही.

तासाला पंधरा

उत्तर देतो. वाइल्डरनेससारख्या, थोड्या लोकांच्या जागेबद्दल आपले म्हणणे मी मान्य करतो: तिथल्या योजनांवर तिथे प्रत्यक्ष वावरणाऱ्यांचेच मत घ्यावे, किंवा त्यांचे मत वेगळे मोजून जाहीर तरी करावे. कोण कुठे किती वेळ खेळतो याची नोंद कंपनीकडे असते, तेव्हा हे अवघड नाही. माझा ७५ टक्क्यांचा आग्रह सगळ्यांच्या श्रमांवर परिणाम करणाऱ्या गोष्टींपुरता राहील, आणि नवी विद्या ही तशी गोष्ट आहे, कारण ज्यांनी २३ विद्या ९९ पर्यंत नेल्या होत्या, त्या सर्वांचे काम चोविसावी पूर्ण होईपर्यंत पुन्हा अपुरे ठरते. लोहमानवांनी पुढचे दार विचारले आहे, तेच हे.

वर्गणीबाबत मतदान नको, हेही मान्य. तिथे एक वर्षाची पूर्वसूचना आणि जुन्या सभासदांना तोवर जुनाच दर, एवढे मला पुरेसे वाटते.

रामबागची हिशेबनीस

एक वर्षाची सूचना चालेल. पण २०१६ ते २०२४ या काळात मालक चार वेळा बदलला. सूचनेचे आश्वासन कोणत्या मालकाकडून घ्यायचे, आणि तो गेल्यावर पुढच्याने ते का पाळावे, हे धागाकर्त्यांनी आपल्या प्रस्तावात आधी लिहावे. मग मी त्याच्या बाजूने मत देईन.