ब्लॅकवॉटर म्हणजे संडासचं पाणी का मलेरिया?

बेसावाला: भाऊ लोक, एक डाउट आहे. सेप्टिक टँक भरून वाहून राहिली म्हणून रविवारी सोसायटीची मीटिंग होती, सांडपाणी साफ करायच्या प्लांटचं कोटेशन घेऊन आलेला माणूस म्हणे ब्लॅकवॉटरची लाइन वेगळी करा, ग्रेवॉटर झाडांना सोडा. आमचे मामा गडचिरोलीकडे लॅबमध्ये होते, आता रिटायर आहेत, ते एकदम उठूनच उभे राहिले, म्हणे ब्लॅकवॉटर म्हणजे मलेरियातला ताप, मी पेशंट पाहिला आहे. आता खालच्या काकू पोरांना टँकजवळ जाऊ देऊन नाही राहिल्या. खरं काय बाप्पा?

पाइपवाला_दादा: दोघंही बरोबर. आमच्या लाइनीत संडासचं सगळं, मैला, लघवी, फ्लशचं पाणी, ते ब्लॅकवॉटर. आंघोळीचं, कपड्याचं ते ग्रे. किचन सिंकचं कोणी इकडे धरते कोणी तिकडे, मी तर काळ्यातच जोडतो कारण तेल-खरकटं झाडांना सोडलं की दोन महिन्यात वास सुटते. बाकी ताजं पाणी काही काळं नसते, टँकमध्ये हवेशिवाय सडलं की काळं पडते. कोटेशनमध्ये किचन कुठे धरलं ते आधी विचारा.

डबल_तर्री: काहून बे, पोहे खाऊन राहिलो ना इथं

स्लाइड_बघणारी: मामा म्हणतात तो ब्लॅकवॉटर फिव्हर. फाल्सिपॅरम मलेरियात, म्हणजे मलेरियाच्या सगळ्यात घातक प्रकारात, कधीकधी लाल पेशी रक्तातच भराभर फुटतात, त्यातलं हिमोग्लोबिन लघवीत उतरते आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते, म्हणजे इथं वॉटर म्हणजे पेशंटची लघवी, गटाराशी काही संबंध नाही. किडनी बंद पडू शकते. जुन्या काळी क्विनाइन हे मलेरियाचं औषध घेणाऱ्यांत जास्त दिसायचं. जी-६-पी-डी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्यांना प्रायमाक्विन या मलेरियाच्या गोळीनेही पेशी फुटतात, म्हणून ती गोळी देण्याआधी टेस्ट करतात. मलेरियाच्या औषधावर असताना लघवी काळी दिसली तर थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

आणि काकूंना सांगा, सेप्टिक टँकमधला डास बहुतेक क्युलेक्स, तो हत्तीरोगवाला. मलेरियाचा अ‍ॅनाफिलीस, त्याला स्वच्छ पाणी लागते, म्हणजे कूलर न् गच्चीवरची उघडी टाकी. तरी टँकच्या व्हेंट पाइपला, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या पाइपला, जाळी बांधाच.

पाइपवाला_दादा: जाळी १० पैकी ८ घरी नसते, लिहून घ्या

बेसावाला: मामांना वाचून दाखवलं, म्हणे मी तेच तर सांगत होतो 😄 गच्चीवर गेलो तर टाकीचं झाकण खरंच फुटलेलं. प्लांटवाल्याला किचनचं विचारलं, तो पाहून सांगतो म्हणाला.