पाणी भरपूर, पण मुळांना हवा कुठंय?

वर एकांनी लिहिलंय की फिनलंड-स्वीडनच्या दलदलीत झाडांना पाण्याला काय तोटा, मग तिथले पाइन शंभर वर्षांचे होऊनही एवढे खुरटे का. पाणी भरपूर आहे हे खरंच, पण मुळांना हवाही लागते ना, आणि ऑक्सिजन हवेतून जितका भरभर सरकतो त्याच्या साधारण १०,००० पट हळू पाण्यातून सरकतो, म्हणून पाण्याच्या पातळीखाली मुळं गुदमरतात आणि सगळा संसार वरच्या वीतभर थरातच मांडावा लागतो. वादळात उन्मळून पडलेला स्प्रूस (तिथलंच पाइनसारखं सूचीपर्णी झाड) बघा, मुळांचा नुसता चपटा थाळा उभा असतो, खाली जाणारं सोटमूळ वगैरे काही नाही, आणि खालच्या खड्ड्यात पाणी साचलेलं.

अजून एक गोष्ट इथे आली नाही, ती म्हणजे झाडंच जमिनीतल्या पाण्याची ही पातळी खाली धरून ठेवतात. फिनलंडने जंगलासाठी जवळपास निम्म्या दलदलीचा चर खणून निचरा केला, बराचसा १९६० आणि ७० च्या दशकांत. एकदा जंगल दाट झालं की चर बुजत आले तरी फारसं बिघडत नाही, कारण उन्हाळाभर झाडं पाणी ओढत राहतात आणि बराचसा पाऊस तर फांद्यांवरूनच उडून जातो. पण तेच जंगल एका झटक्यात साफ तोडलं की पाणी परत वर येतं आणि नवी रोपं त्यात उभी राहतात, मग पुन्हा चर उपसा. म्हणून मला तरी तिथे सगळी तोड करण्यापेक्षा निवडक झाडं काढणंच शहाणपणाचं वाटतं, उरलेली झाडं पंपाचं काम करत राहतात.