हलची पॅटी आणि ड्रिपिंग

ब्रिटनमधल्या चिप्पीच्या, म्हणजे मासे आणि चिप्स तळून विकणाऱ्या दुकानांच्या, खाण्यावर चर्चा चालू आहे. पिठात बुडवून तळलेला मार्स बार (कॅरॅमल भरलेलं चॉकलेट) घरी केला की कढईत फुटतो, असं त्यात कुणीतरी लिहिलंय. बार फ्रीजमध्ये कडक गार करा, कोरडा मैदा चोळा आणि मगच पिठात बुडवा. नुसत्या गुळगुळीत चॉकलेटवर पीठ धरत नाही. पण त्याच चर्चेतलं 'इंग्लंडच्या चिप्पीत शाकाहारी माणसाने चिप्सच खायच्या' हे पटलं नाही. मी तीन वर्षं इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या हल शहरात होतो. तिथे पॅटी मिळते. उकडलेला बटाटा कुस्करून त्यात कांदा आणि सेज या सुगंधी वनस्पतीचा वाळवलेला पाला घालतात, चपटा गोळा करून मैद्याच्या पिठात तळतात. बेसनाऐवजी मैदा, मिरची-लसणाऐवजी सेज, बाकी आपल्या बटाटेवड्याची सख्खी बहीणच! ब्रेडकेक म्हणजे गोल मऊ पाव, त्यात घालून वर तिखटसर लाल चिप स्पाइस भुरभुरवलं की थंडीत जीव सुखावतो.

मात्र एक गोष्ट त्या चर्चेत कुणीच लिहिलेली नाही. यॉर्कशायरमध्ये बरीच दुकानं बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईबैलाच्या चरबीत तळतात. चिप्ससुद्धा त्यातच! मला हे दोन महिन्यांनी कळलं आणि फार वाईट वाटलं. तेव्हा ऑर्डर देण्याआधी 'तेल की ड्रिपिंग' हे विचाराच, आणि मासेही त्याच तेलात तळतात का तेही. म्हणून मी पॅटी घरीच करायला लागलो: मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, मीठ, बर्फगार सोडा वॉटर, आणि सूर्यफुलाचं तेल १८० अंशांवर. पीठ आयत्या वेळीच कालवायचं, नाहीतर त्यातला गॅस उडून जातो आणि आवरण चिवट होतं.