मदत हवी आहे : साइन लहरींची बेरीज दाखवणारे ऑनलाइन साधन, आणि न्यूट्रलच्या बेरजेत येणारे शून्य

नमस्कार.

मी विद्युत तंत्रज्ञान शिकवतो. तीन फेजच्या जोडणीत तिन्ही फेजवरचा भार अगदी समान असला तरीही न्यूट्रलच्या, म्हणजे तिन्ही फेजच्या सामाईक परतीच्या तारेतून प्रवाह का वाहू शकतो, हे मला विद्यार्थ्यांना आलेखावर दाखवायचे आहे. भार रेषीय नसेल, म्हणजे त्यातला प्रवाह व्होल्टेजच्या लहरीसारखाच नसेल (उदाहरणार्थ संगणकाचे वीजपुरवठे किंवा एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर), तर ५० हर्ट्झच्या मूळ लहरीबरोबर तिच्या तिप्पट वारंवारतेची, म्हणजे १५० हर्ट्झची लहरही प्रवाहात येते, आणि ही तिसरी हार्मोनिक न्यूट्रलमध्ये रद्द न होता उलट तिप्पट होते. हे सूत्राने सिद्ध करता येते. परंतु सूत्र पटणे आणि तीन लहरी एकमेकींवर चढून एक मोठी लहर तयार होताना डोळ्यांनी पाहणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर मला भरून काढायचे आहे.

त्यासाठी एकूण सहा साइन लहरी लागतात : प्रत्येक फेजची एक मूळ लहर आणि एक तिसरी हार्मोनिक. प्रत्येकीचा आयाम, वारंवारता आणि फेज (इथे फेज म्हणजे लहर किती अंशांनी मागे-पुढे आहे तो कोन) मला स्वतंत्रपणे ठरवता यायला हवा, घटक लहरी आणि त्यांची बेरीज एकाच आलेखावर वेगवेगळ्या रंगांत दिसायला हव्यात, आणि विद्यार्थ्यांना मोबाइलवर नुसता दुवा उघडून, खाते न काढता, आकडे बदलून पाहता यायला हवेत.

शोध घेतल्यावर पहिल्यांदा जी पाने सापडली, ती बहुतेक दोनच लहरींची होती. त्यांत आयाम आणि वारंवारता सरकपट्टीने बदलता येत होती, पण फेज बदलण्याची सोयच नव्हती, त्यामुळे तीन फेजचा विषय तिथेच संपला. मग मी डेस्मॉस हे आलेख काढण्याचे ऑनलाइन साधन उघडले आणि एका ओळीत १० आयामाची ५० हर्ट्झची लहर लिहिली : १० साइन, आणि कंसात २ गुणिले पाय गुणिले ५० गुणिले क्ष, जिथे क्ष म्हणजे सेकंद. आडवा अक्ष ० ते ०.०४ सेकंद एवढाच ठेवला, म्हणजे दोन पूर्ण आवर्तने दिसायला हवी होती. दिसली मात्र मूळबिंदूतून निघून हळूहळू वर चढणारी, जवळजवळ सरळ रेषा, जी उजव्या टोकाला २ च्या थोडी वर पोहोचत होती. बऱ्याच वेळाने ध्यानात आले, की आधीच्या कुठल्या तरी कामासाठी मी कोन अंशांत ठेवला होता. रेडियन निवडताच लहर नीट दिसली.

त्यानंतर तेच गणित मी स्प्रेडशीटमध्येही करून पाहिले, कारण मला काही ठिकाणचे आकडेही हवे आहेत. वेळेच्या स्तंभात ०, ०.०१, ०.०२ अशा किमती भरल्या आणि शेजारच्या स्तंभात ५० हर्ट्झची साइन काढली. पूर्ण स्तंभात शून्य, किंवा दशांशचिन्हानंतर पंधरा शून्ये असलेले सूक्ष्म आकडे आले. सूत्र तीन वेळा तपासले, त्यात मला चूक सापडत नाही.

मुख्य अडचण मात्र वेगळीच आहे. डेस्मॉसमध्ये मी सहाही लहरी लिहिल्या. मूळ लहरींचा आयाम १० आणि फेज ०, उणे १२० आणि उणे २४० अंश. तिसऱ्या हार्मोनिकचा आयाम ३ आणि फेज पुन्हा तेच, ०, उणे १२० आणि उणे २४० अंश, अर्थात रेडियनमध्ये बदलून. सातव्या ओळीत या सर्वांची बेरीज घेतली. अपेक्षा होती, की १५० हर्ट्झची, ९ आयामाची लहर येईल. आली ती शून्यावर पडलेली आडवी रेषा. साधन चुकते आहे की माझी मांडणी, हे कृपया कुणी सांगावे. आणि या कामासाठी डेस्मॉसपेक्षा सोयीचे दुसरे काही असेल, तर तेही सुचवावे.

प्रतिसाद १

आपली मांडणी अगदी थोडक्यासाठी चुकली आहे, आणि ही चूक इतकी स्वाभाविक आहे की वर्गात ती मुद्दाम करून दाखवावी असे मी सुचवेन.

दुसरा फेज पहिल्यापेक्षा १२० अंशांनी मागे असतो, याचा अर्थ त्या फेजची संपूर्ण लहर, जशी आहे तशी, मूळ आवर्तनाच्या एक तृतीयांश काळाने उशिरा येते. ५० हर्ट्झला एक आवर्तन ०.०२ सेकंदाचे, म्हणजे हा उशीर सुमारे ०.००६७ सेकंदाचा. तेवढ्याच काळात १५० हर्ट्झच्या लहरीचे एक संपूर्ण आवर्तन उरकते. म्हणून तिसऱ्या हार्मोनिकसाठी हा उशीर १२० अंशांचा नसून ३६० अंशांचा, म्हणजेच नसल्यासारखा असतो. तिन्ही फेजमधील तिसऱ्या हार्मोनिक एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात. आपण मात्र तिसऱ्या हार्मोनिकमध्येही १२० अंशच वजा केले, म्हणजे साइन(३क्ष − १२०°) असे लिहिले. लिहायला हवे होते साइन(३(क्ष − १२०°)). कंसाबाहेरचा ३ आत शिरला की १२० चे ३६० होतात. आपण लिहिलेल्या तीन लहरी एकमेकींपासून समान अंतरावर असल्यामुळे त्यांची बेरीज शून्यच यायला हवी होती, आणि साधनाने ती बिनचूक शून्य दाखवली.

ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून सहा लहरी सहा ओळींत लिहूच नका. डेस्मॉसमध्ये एका फेजचा पूर्ण प्रवाह एकदाच फलन म्हणून लिहा :

फ(क्ष) = १० साइन(क्ष) + ३ साइन(३क्ष)

मग पुढच्या दोन ओळींत फ(क्ष − २पाय/३) आणि फ(क्ष − ४पाय/३) लिहा, आणि शेवटच्या ओळीत तिन्हींची बेरीज. आता उशीर संपूर्ण लहरीला लागतो, प्रत्येक हार्मोनिकचा फेज किती हे साधनच काढते, आणि बेरजेत ९ साइन(३क्ष) समोर येते. इथे आडव्या अक्षावर सेकंदांऐवजी मूळ लहरीचा कोन घेतला आहे. शिकवण्यासाठी तोच बरा, कारण खिडकी ० ते ४पाय ठेवली की दोन आवर्तने बरोबर बसतात आणि ०.००६७ सारख्या आकड्यांचा अडथळा होत नाही. फलनाला देवनागरी नाव देता येत नाही, तेवढी इंग्रजी अक्षरे टाइप करावी लागतील.

आलेखावर विश्वास बसावा म्हणून एक बिंदू हाताने करून घ्या. क्ष = ३०° घेतला, तर पहिल्या फेजमध्ये १० × ०.५ + ३ × १ = ८. दुसऱ्या फेजसाठी कोन उणे ९० अंश, म्हणून उणे १० अधिक ३, म्हणजे उणे ७. तिसऱ्यासाठी कोन उणे २१० अंश, ज्याची साइन पुन्हा ०.५, म्हणून ५ अधिक ३, म्हणजे ८. आता ८ − ७ + ८ = ९. मूळ लहरींचे ५, उणे १० आणि ५ एकमेकांना खाऊन टाकतात आणि तिन्ही ३ शिल्लक राहतात. विद्यार्थ्यांना हे वहीत करायला लावले आणि नंतर आलेखावर त्याच बिंदूवर बोट ठेवायला सांगितले, तर न्यूट्रलमधला प्रवाह कुठून आला हे वेगळे समजावावे लागत नाही.

पुढे फलनात २ साइन(५क्ष) हे आणखी एक पद वाढवून पाहा. प्रत्येक फेजची लहर बरीच बदलेल, पण न्यूट्रलची लहर जागची हलणार नाही, कारण १२० × ५ = ६०० अंश, म्हणजे २४० अंश, आणि अशा तीन लहरी पुन्हा रद्द होतात. तीनने भाग जाणाऱ्या विषम हार्मोनिक, म्हणजे तिसरी, नववी, पंधरावी, एवढ्याच न्यूट्रलमध्ये साठतात. आयामांच्या जागी आकड्यांऐवजी अक्षरे लिहिली की डेस्मॉस स्वतःहून सरकपट्टी देऊ करते. तिची मर्यादा मुळात उणे १० ते १० असते, ती ० ते १० करून घ्या. डावीकडच्या रंगीत गोलावर टिचकी मारली की ती लहर लपते किंवा पुन्हा दिसते, त्यामुळे आधी फक्त तीन फेज आणि मग बेरीज, असा क्रम वर्गात राखता येतो. कोन रेडियनमध्ये आहे की अंशांत, हे उजवीकडच्या पान्याच्या चिन्हाखाली ठरवता येते. दुवा उघडणाऱ्याला खाते लागत नाही.

प्रतिसाद २

स्प्रेडशीटमधल्या शून्यांविषयी लिहितो, कारण त्याचे उत्तर वर आलेले नाही.

आपण ०.०१ सेकंदाच्या अंतराने किमती घेतल्या. ५० हर्ट्झच्या लहरीचे अर्धे आवर्तन नेमके ०.०१ सेकंदाचे असते. म्हणजे आपण दर वेळी लहर शून्यातून जात असतानाच तिच्याकडे पाहिले, आणि मधली सगळी चढउतार आपल्या स्तंभातून निसटली. ते सूक्ष्म आकडे म्हणजे संगणकात पायची किंमत मर्यादित अंकांपर्यंतच साठवली जाते, त्यातून उरलेला शेष आहे. अंतर ०.०००१ सेकंद ठेवा. मग ५० हर्ट्झच्या एका आवर्तनात २०० बिंदू मिळतील आणि १५० हर्ट्झच्या आवर्तनात सुमारे ६७. दोन आवर्तनांसाठी ४०१ ओळी होतील, ज्या कुठलेही स्प्रेडशीट सहज पेलते.

हीच गोष्ट आलेखाच्या साधनांनाही लागू होते. तीही ठरावीक बिंदूंवर किंमत काढून ते बिंदू जोडतात. आडवा अक्ष उणे १० ते १० सेकंद असताना ५० हर्ट्झची लहर काढायला सांगितली, तर पडद्याच्या रुंदीत एक हजार आवर्तने कोंबावी लागतात, आणि पडद्यावर लहरीऐवजी भरीव पट्टा दिसतो, किंवा त्याहून फसवे म्हणजे एखादी संथ, सुबक लहर दिसते जी मुळात अस्तित्वातच नसते. म्हणून सूत्र लिहिण्याआधी खिडकी ठरवावी, असे माझे मत आहे.

कुठलेही नवे साधन हाती घेतले की मी त्याला आधी एक सोपी परीक्षा देतो. एकाच वारंवारतेच्या दोन लहरी घ्यायच्या, आयाम ३ आणि ४, फेजमधील अंतर ९० अंश. बेरजेची उंची बरोबर ५ यायला हवी. अंतर ६० अंश केले तर ३७ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ६.०८. या दोन्ही किमती आल्या, तर कोनाचे एकक आणि फेजची मांडणी दोन्ही बरोबर आहेत असे समजून पुढे जाता येते.

इतर साधनांविषयी थोडे. जिओजेब्राही फलने आणि सरकपट्ट्यांच्या बाबतीत डेस्मॉसइतकेच सक्षम आहे, आणि त्यात अनेक हार्मोनिकची बेरीज एकाच आज्ञेत करता येते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाचे फूरिए लहरींवरचे सिम्युलेशन फार देखणे आहे. त्यात ११ हार्मोनिकच्या सरकपट्ट्या आहेत, घटक लहरी वर आणि बेरीज खाली दिसते, आणि बेरजेचा आवाजही ऐकता येतो. पण प्रत्येक हार्मोनिकचा फेज वेगळा ठेवता येत नाही, फक्त सर्व साइन किंवा सर्व कोसाइन एवढीच निवड असते, म्हणून आपल्या तीन फेजच्या कामाला ते पुरणार नाही. चौकोनी लहर कशी घडते हे दाखवायला मात्र ते उत्तम आहे. तिथे कोपऱ्यांजवळ लहर जराशी वर उसळलेली दिसेल. हार्मोनिक कितीही वाढवल्या तरी ती उसळी अरुंद होत जाते, पण तिची उंची उडीच्या सुमारे ९ टक्क्यांखाली जात नाही. हेन्री विल्ब्रहॅम यांनी १८४८ मध्ये हे दाखवले होते, पण १८९९ मध्ये गिब्ज यांनी त्याचे स्पष्टीकरण दिल्यामुळे ते गिब्ज यांच्या नावाने ओळखले जाते. विद्यार्थ्यांनी ‘आलेख बिघडला आहे’ असे म्हटले, तर तो बिघडलेला नाही एवढे त्यांना सांगता यावे म्हणून हे लिहिले.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. फलन एकदाच लिहून सरकवण्याची युक्ती करताच ९ आयामाची लहर समोर आली, आणि ३० अंशांवरचे ८, उणे ७, ८ हे तिन्ही बिंदू मी आलेखावर खुणा करून ठेवले आहेत. स्प्रेडशीटमध्येही आता ०.०००१ च्या अंतराने तीच लहर मिळते आहे.

एक राहिले. वर्गात मला आवाजही ऐकवायचा आहे, निदान दोनच लहरींचा, कारण बेरीज कानाला कळते हे विद्यार्थ्यांना फार आवडते. त्यासाठी काही सोपे आहे का?

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याकडून

ब्राउझरमध्ये शुद्ध स्वर वाजवणारे कुठलेही पान दोन टॅबमध्ये उघडा, एकात ४४० हर्ट्झ आणि दुसऱ्यात ४४२ हर्ट्झ ठेवा, आणि दोन्ही एकदम वाजवा. दोन्ही टॅबचा आवाज स्पीकरकडे जाण्याआधी संगणकच त्यांची बेरीज करतो, आणि आवाज सेकंदाला दोनदा मोठा-लहान होताना स्पष्ट ऐकू येतो. दोन्ही टॅबचा आवाज निम्म्यावर ठेवा, नाहीतर लहरींची शिखरे एकत्र आली की बेरीज ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊन वरून कापली जाते आणि खरखर ऐकू येते.

हेच आलेखावर दाखवायचे असेल, तर बेरजेचे सूत्र २ साइन(२ पाय × ४४१ × क्ष) गुणिले कोसाइन(२ पाय × १ × क्ष) असे होते. यातली कोसाइन १ हर्ट्झची आहे आणि कानाला चढउतार मात्र दोन ऐकू येतात, यावर विद्यार्थी हमखास अडतात. कोसाइन +१ असो वा −१, दोन्ही वेळी आवाज मोठाच असतो, म्हणून तिच्या एका आवर्तनात तो दोनदा वाढतो. खिडकी ० ते १ सेकंद ठेवल्यास आतली लहर पट्ट्यासारखी दिसेल. इथे ते चालेल, कारण आपल्याला पाहायची आहे ती त्या पट्ट्याची कड, आणि कोसाइनची दुप्पट लहर वेगळ्या रंगात त्यावर काढली की ती कडेला बरोबर चिकटून जाताना दिसते.