चीनवरून मुलांची पुस्तकं येतायत, सगळ्यालाच ४९०१ (छापील पुस्तकांचा कस्टम्स कोड) टाकलं तर चालेल का?

रंगीत_पाटी:
नमस्कार मंडळी, पुण्यात माझं मुलांच्या पुस्तकांचं छोटं दुकान आहे, पहिल्यांदाच थेट चीनवरून माल मागवतेय, न्हावा शेवाला उतरेल. त्यात चित्रांच्या गोष्टी, रंगवायची पुस्तकं, कर्सिव्हचे कित्ते, कापून चिकटवायची पुस्तकं, तारखा नसलेले प्लॅनर, थोडे छापील पृथ्वीगोल आणि सप्लायरने फुकट टाकलेले त्याचे कॅटलॉग असं सगळं आहे. सप्लायरने इन्व्हॉइसवर सरसकट ४९०१ टाकलाय, म्हणतो छापलेलंच तर आहे सगळं. आमचे सीएचए (कस्टम्सचं काम बघणारे एजंट) म्हणतात आयटमवाइज फोड द्या नाहीतर चेकलिस्ट (कस्टम्सला भरायच्या कागदाचा मसुदा) बनवत नाही. ड्यूटी थोडी जास्त गेली तरी चालेल पण माल अडकायला नको, शाळा सुरू व्हायच्या आत दुकानात हवाय. कसं ठरवायचं?

बंदरावरचा:
ताई, सीएचए बरोबर बोलतायत. नुसतं छापलंय एवढ्यावर काही ठरत नाही, ती छपाई कशासाठी आहे ते बघतात. वाचायला-बघायला असेल तर चॅप्टर ४९ (कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे चॅप्टर), आणि लिहायला जागा हाच मुख्य उपयोग, छपाई नुसती ओळी-चौकटींपुरती, तर चॅप्टर ४८. म्हणून प्लॅनर ४८२० मध्ये (वह्या-डायऱ्यांचा कोड), आणि कित्ता पण ४८२० मध्येच, वर नमुन्याची अक्षरं छापलेली असली तरी. पण प्रश्न छापून खाली उत्तराला जागा सोडलेली स्वाध्याय पुस्तिका असेल तर ती ४९०१ कारण तिथे छापलेले प्रश्नच महत्त्वाचे. गोष्टींची पुस्तकं एकेक उघडून बघा, चित्रं मुख्य आणि मजकूर नावापुरता असेल तर ४९०३ (मुलांची चित्रपुस्तकं), मजकूर मुख्य असेल तर ४९०१. रंगवायची ४९०३. कॅटलॉग म्हणजे जाहिरात, ते ४९११, फुकट आले तरी इन्व्हॉइसवर किंमत लावून दाखवायला सांगा.

आणि कापायच्या पुस्तकांची पानं आजच मोजून घ्या, कव्हर धरून. अर्ध्याहून जास्त पानं कापायची असतील तर ते पुस्तक राहत नाही, ९५०३ मध्ये जातं म्हणजे खेळणं. खेळण्यांची ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के केली होती, शिवाय जानेवारी २०२१ पासून बीआयएस सर्टिफिकेशन (सरकारी दर्जा-प्रमाणपत्र) सक्तीचं, ते नसेल तर माल सुटणारच नाही. तुमचा खरा धोका इथे आहे.

छापखाना_दादर:
वरचं सगळं पटलं, थोडी भर घालतो. ४९०१ म्हणजे ड्यूटी माफ असं अजून बरेच जण धरून चालतात पण जुलै २०१९ च्या बजेटपासून बाहेरून येणाऱ्या छापील पुस्तकांवर ५ टक्के बेसिक कस्टम्स ड्यूटी आहे, पुस्तकांवर जीएसटी मात्र नाही. कॅटलॉग, कार्डं वगैरेंवर ऑक्टोबर २०२१ पासून १८ टक्के जीएसटी आलाय, त्यामुळे कोड चुकला तर फरक चांगलाच पडतो.

पृथ्वीगोल ४९०५, पण तिथे प्रश्न कोडचा नाहीच. भारताच्या सीमा चुकीच्या दाखवणारे नकाशे आणि साहित्य आणायला बंदी आहे, ड्यूटी भरली म्हणून सुटत नाही. तिकडे छापलेल्या गोलांवर अरुणाचल आणि अक्साई चीन कसे दाखवलेत त्याचे जवळून काढलेले फोटो कंटेनर भरायच्या आधी मागवा, शंका आली तर गोल काढूनच टाका.

रंगीत_पाटी:
बापरे, गोलांचं डोक्यातच नव्हतं. प्लॅनरवर तारखा छापलेल्या असत्या तर कॅलेंडरमध्ये गेले असते का?

बंदरावरचा:
नाही ताई, भिंतीवरचं कॅलेंडर ४९१० मध्ये, पण लिहायची डायरी तारखांसकट ४८२० मध्येच. अमेरिकेत तर ४८२० च्या आतल्या आत डे प्लॅनरवरून भांडण झालं, तिथल्या कस्टम्सने १९९३ मध्ये त्यांना बांधीव डायरी ठरवून ४ टक्के लावले, आधी शून्य होते. ते प्लॅनर आणणारी मीड कंपनी कोर्टात गेली, २००१ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की कस्टम्सचं असं कोड ठरवणारं पत्र कोर्टांवर आपोआप बंधनकारक नाही, आणि पुढच्या वर्षी अपील कोर्टात मीड जिंकली. आपल्याकडे वाद नको असेल तर मुंबईत ॲडव्हान्स रूलिंग (माल यायच्या आधी कोडबद्दल अधिकृत निर्णय) मागता येतं पण त्याला महिने जातात, या खेपेला उपयोग नाही. तुम्ही प्रत्येक पुस्तकाची आतली दोन-चार पानं स्कॅन करून सीएचएला आधीच पाठवा, ऑफिसरने विचारलं तर हाताशी राहतील.

रंगीत_पाटी:
कापायच्या पुस्तकाच्या पीडीएफमध्ये मोजलं आत्ता, कव्हर धरून २८ पैकी १८ पानं कापायची आहेत. ती आणि गोल दोन्ही ऑर्डरमधून काढायला सांगितलं, बाकीचा नवीन इन्व्हॉइस उद्या येतोय.