वीस पावलं, पण कधीच्या पाण्यापासून?

तंबू कुठे लावावा यावरच्या वरच्या पोस्टमधलं, मे महिन्यात पवना धरणाच्या काठी मजा नाही, हे म्हणणं पटलं. पाणी आत गेलेलं असतं आणि मधला चिखल पोरांच्या चपला गिळतो. पण समुद्रावर 'पाण्यापासून वीस पावलं सोडून तंबू लावा' हा त्यातला सल्ला काही खरा नाही. कोकणात आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर आम्ही ओहोटीच्या वेळी पोचलो आणि अशीच पावलं मोजली. त्यात पौर्णिमा, म्हणजे उधाण. रात्री साडेअकराला धाकटीची उशी भिजली तेव्हा जाग आली. सामान कवटाळून सुरूच्या झाडांत पळालो. एक सँडल समुद्राने ठेवून घेतली.

सकाळी चहावाल्या काकांनी हसत हसत कोकणातला जुना हिशोब सांगितला. तिथीला 3 ने गुणायचं, 4 ने भागायचं, की भरतीची वेळ. अष्टमीला 6, पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. ढोबळच आहे, पण चालतं. तंबू भरतीने आणून टाकलेल्या वाळक्या काटक्या-कचऱ्याची सगळ्यात वरची रेघ दिसते तिच्याही वर लावा. आणि हो, खुंट्या वाळूत धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून दोरी बांधा आणि ती हातभर खोल पुरा.