साखर चवीसाठी नाही हो

एका दादांनी विचारलंय, जुलाबात नुसतं मीठपाणी दिलं तर काय बिघडतं, साखर चवीपुरतीच ना? नाही दादा, तिच्याशिवाय काम अडतं. आतड्यातल्या पेशीचं आवरण मेदाचं, मिठातल्या सोडियमचा भारित कण (आयन) त्यातून आपसूक जात नाही. तिथं एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन असतं. ते साखरेतल्या ग्लुकोजचा एक रेणू अन् सोडियमचे दोन आयन सोबतच आत घेतं, मागोमाग पाणी ओढलं जातं. कॉलऱ्यातही ही वाट शाबूत राहते, केवढी मोठी गोष्ट! जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० मध्ये मांडली. १९७१ मध्ये डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून कितीतरी जीव वाचवले.

आमच्या यवतमाळकडे पहिल्या पावसाचं गढूळ पाणी विहिरीत उतरलं की हगवण सुरू होते. आशाताई ओआरएसचं, म्हणजे मीठ-साखरेचं, पाकीट देऊन जातात, पण निंदणाच्या घाईत माय लिटरभराचं अख्खं पाकीट एका गिलासात घोळते. एवढं घट्ट द्रावण उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढतं, लेकराची हगवण वाढते. म्हणून घरातल्या गडव्यात किती पाणी मावतं ते एकदा लिटरच्या बाटलीनं मोजून ठेवा. अन् लेकरू मलूल पडलं, लघवी थांबली, तर पाजत पाजतच दवाखाना गाठा.